गोवा ट्रान्स मेनस्ट्रीम झालं आणि त्याची रात्रच गेली. पटतंय का?

उत्तररात्र

हल्ली कुठल्याही मोठ्या फेस्टिव्हलचं रील उघडा, बिल्डअप चढत चढत जातो, दोन सेकंद सगळं गप्प, मग धाडकन तो घोडा दौडल्यासारखा बेस आणि आगीचे फवारे, आणि खाली पोरं लिहितात "सायट्रान्स". त्याबद्दलच बोलायचंय. मोठं होईल, वाचा आणि मग भांडा.

माझं म्हणणं असं की गोवा ट्रान्स, म्हणजे गोव्यातल्या पार्ट्यांत वाढलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक म्युझिक, आणि त्यातून पुढे आलेलं सायट्रान्स गर्दी वाढली म्हणून बिघडलं नाही. ते अख्ख्या रात्रीसाठी बनलेलं म्युझिक होतं आणि मेनस्ट्रीम होताना पहिली काढून घेतली ती रात्रच. आता तेच एका तासाच्या स्लॉटमध्ये बसवतात, मग दर मिनिटाला काहीतरी दणका द्यावाच लागतो.

ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सत्तरच्या दशकात अंजुना-वागातोरला हिप्पींच्या पार्ट्या होत्या त्या गिटार-ड्रमच्या. ऐंशीच्या दशकात काही जणांनी युरोपातलं इलेक्ट्रॉनिक म्युझिक कॅसेटवर आणून वाजवायला सुरुवात केली, गाण्याचे शब्द कापून नुसता वाद्यांचा भाग जोडून जोडून लांबवायचे. गोवा गिल हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव, मूळचा सॅन फ्रान्सिस्कोचा, ऑक्टोबर २०२३ मध्ये गोव्यातच गेला. हा माणूस चोवीस चोवीस तासांचे सेट वाजवायचा. रेकॉर्डच्या तबकड्या त्या उन्हात आणि धुळीत टिकायच्या नाहीत, म्हणून कॅसेट आणि नंतर डॅट टेप, म्हणजे डिजिटल आवाजाची छोटी कॅसेट. आता यातली मजा बघा, डॅटच्या मशीनवर स्पीड कमीजास्त करायची सोय नसायची, म्हणजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवून मिक्स करणं जवळपास अशक्य. त्यामुळे ट्रॅकच बनायला लागले असे की सुरुवातीला मिनिटभर ठोका नाही, नुसते सूर तरंगतायत, शेवटीही तसंच, म्हणजे एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात अलगद देता येईल. आठ आठ, नऊ नऊ मिनिटांचे ट्रॅक. घाई कसलीच नाही.

आणि रात्रीला एक क्रम होता. मध्यरात्रीनंतर काळोखं, टोकदार, जवळजवळ भीती वाटेल असं, आणि फटफटायला लागलं की मेलडी उघडायची. सकाळचा तो ट्रॅक सकाळी का गोड लागतो तर त्याच्या आधी पाच तास तुम्ही अंधारात काढलेत म्हणून. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने बीबीसी रेडिओ वनवर गोवा मिक्स वाजवला आणि हे सगळं इंग्लंडमध्ये घराघरात गेलं, लंडनची लेबलं धडाधड रेकॉर्ड काढायला लागली आणि दशक संपेपर्यंत ती लाट ओसरलीसुद्धा. पुढे २००७ ला कांदोळीला सनबर्न हा इलेक्ट्रॉनिक म्युझिकचा फेस्टिव्हल सुरू झाला, २०१६ ला आर्मिन व्हॅन ब्यूरेन या डच डीजेने विनी विची या इस्रायली जोडीबरोबर ट्रॅक केला आणि हा बेस मेन स्टेजवर कायमचा पोचला. पण रात्र काही परत आली नाही.

बार्देसकर

तुझं सगळं वाचलं बाब. आता ज्याच्या घरावरून हा आवाज जायचा त्याचंही ऐक.

माझं घर हणजुण्यात, तू ज्याला अंजुना म्हणतोस तिथे. तू ज्या रात्रीबद्दल लिहितोस तिच्यात आमच्या घरात म्हातारी माणसं होती, मार्चमध्ये दहावीला बसणारी पोरं होती, पहाटे उठून कामाला जाणारे होते. खिडकीची तावदानं थरथरायची, आणि बेस असा की कानात बोटं घातली तरी छातीत येतो. कोणी विचारलं होतं आम्हाला? तुम्ही लोक याला अंडरग्राउंड म्हणता, म्हणजे कोणापासून लपलेलं, गावापासून तर नव्हतंच, गावाला दर पौर्णिमेला कळायचं.

दुसरं, तुम्ही ज्याला स्वर्ग समजता तो कोणाचा होता? सहा महिने काम न करता समुद्रावर राहायला ज्यांच्याकडे परदेशातली बचत होती त्यांचा. आमचा संबंध कुठे यायचा तर चटयांवर. गावातल्या बायका संध्याकाळीच चटया अंथरून जागा धरायच्या, रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहाचं भांडं, ऑम्लेट-पाव, उकडलेली अंडी, सिगरेट, केक, आणि सकाळी ऊन चढेपर्यंत तिथेच. नाचून दमलेली माणसं त्यांच्याच चटईवर येऊन पडायची. त्या पैशावर आमच्या वाड्यावर कौलं बदलली गेली, शाळेच्या फिया भरल्या गेल्या, हे मी नाकारत नाही. क्लब आले, गेट आलं, आत खाण्याचं कंत्राट वेगळ्याच माणसाला गेलं आणि त्या चटया गेल्या. मेनस्ट्रीमने काय नेलं असं मला विचारशील तर मी चटया म्हणेन, तुझी रात्र नाही. रात्र आम्हाला परत मिळाली.

तीनशेतीन

दोघांशीही असहमत. तुम्ही जागा आणि वेळ यावर बोलताय, बिघाड म्युझिकच्या आत झालाय.

माझं आयडी ज्याच्यावरून आहे ते रोलँडचं टीबी-३०३ हे छोटं चंदेरी मशीन १९८१ मध्ये आलं, एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून. कोणाला आवडलं नाही, १९८४ ला बंद पडलं, सेकंडहँड दुकानात स्वस्तात पडून राहिलं आणि शिकागोच्या पोरांनी ते उचलून त्याचे नॉब नको तिथपर्यंत फिरवले. तोच पिळवटणारा, चिरका आवाज गोवा ट्रान्समध्ये आला. त्यात एक साधी सोळा स्टेपची ओळ असते, ती तीच राहते, माणूस हाताने फिल्टरचा, म्हणजे आवाजाची धार कमीजास्त करणारा, नॉब सात-आठ मिनिटं हळूहळू उघडत नेतो. हात थरथरतो, मध्येच थांबतो, जरा पुढे जातो आणि परत मागे येतो, ते सगळं रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. त्याच्यावर अशाच तीन-चार ओळी, प्रत्येकीचा वेग सारखा पण वळण वेगळं, त्यामुळे कान एकीला धरतो तोवर दुसरी वर येते.

आता सॅम्पल पॅक विकत मिळतो, त्यात किक आणि बेस तयार, बिल्डअपचा स्नेअर तयार, कुठल्या तरी आदिवासी गाण्याचा तुकडा तयार. ठोक्यामागे तीन बेसच्या नोट हे सायट्रान्सचं जुनं गणित, त्याच्या जागी ट्रिपलेट, म्हणजे एका ठोक्याचे तीन सारखे भाग, आलं कारण मोठ्या मैदानात उड्या मारायला ते सोपं पडतं. तुम्ही हे म्युझिक रात्रभर वाजवा नाहीतर आठवडाभर वाजवा, आत वाढणारं काही नसेल तर पहाट काय करणार?

पिंपरीचा_पोऱ्या

मी त्या २०१६ वाल्या ट्रॅकवरूनच आलोय सायट्रान्सकडे, कॉलेजच्या गॅदरिंगला कोणीतरी लावला होता, आणि मला त्याची अजिबात लाज नाही. त्याच्यावरून यूट्यूबने जुने कलाकार दाखवले, हॅल्युसिनोजेन, ॲस्ट्रल प्रोजेक्शन, मॅन विथ नो नेम, मग तिथून फॉरेस्ट, डार्कसाय हे सायट्रान्सचे प्रकार, आता मी स्वतः जुन्या लॅपटॉपवर ट्रॅक बनवतो, शिफ्ट संपली की रात्री हेडफोन लावून. तीनशेतीन दादा तुम्ही म्हणता सॅम्पल पॅक वाईट, पण खरं ३०३ आज लाखांच्या घरात आहे, माझ्यासारख्याने काय करायचं, प्लगइनवर, म्हणजे लॅपटॉपमधल्या नकली ३०३ वर, माऊसने का होईना पण मीही फिल्टर हळूच उघडतो की.

आणि उत्तररात्र दादा, मेनस्ट्रीम झाला तो या म्युझिकचा एक कोपरा. डार्कसाय, हायटेक हे १८०, २०० बीपीएमला (मिनिटाला तेवढे ठोके) जातं, ते कुठल्या जाहिरातीत लागणारे? ते अजूनही थोड्याच लोकांचं आहे. फरक एवढाच की पूर्वी थोडे लोक म्हणजे गोव्यात हिवाळा काढू शकणारे, आणि आता थोडे लोक म्हणजे ज्याला खरंच आवडतं तो, मग तो पिंपरीत का असेना. मला तरी हे जास्त बरोबर वाटतं.

उत्तररात्र

पोऱ्या, तू बनवतोस याचा मला मनापासून आनंद आहे, ट्रॅक असेल तर टाक. माझा राग येणाऱ्यांवर नाही, वेळेवर आहे, आणि हे नुसतं ट्रान्सपुरतं नाही. सवाई गंधर्व बघा. १९५३ पासूनचा महोत्सव, पूर्वी रात्र रात्र चालायचा, लोक शाली, सतरंज्या, थर्मास घेऊन बसायचे. मग २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, सरकारला वर्षातून पंधरा दिवसच बारापर्यंत सूट देता येते. आता मध्यरात्रीनंतरचे राग तिथे कोणी कसे ऐकणार? आणि ट्रान्सचं नातं त्याच प्रकाराशी आहे, कितीतरी जुन्या गोवा ट्रॅकमध्ये ते भैरवसारखे कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार एकत्र येतात. त्या सुरांना वेळ लागतो.

तीनशेतीन, तुमचं म्हणणं मी उलटं वाचतो. सॅम्पल पॅक आला कारण वाजवायला एकच तास मिळाला. ज्याला आठ तास वाजवायचेत तो नॉब हळू फिरवतोच, त्याला पर्यायच नसतो.

षड्ज_पंचम

सवाईचं नाव आलं म्हणून लिहिते, बरीच वर्षं जाते मी. तुमची तुलना अर्धी बरोबर आहे. उशिराचे राग मांडवात ऐकायला मिळत नाहीत याचं दुःख आहेच, पण त्यामुळे ते गाणारे संपले नाहीत, घरच्या बैठकीत, छोट्या सभागृहात बिनमाईकचे गातात, आणि सकाळची मैफल ठेवली की तोडी, ललत ऐकायला लोक अंधारात उठून येतात. चीज घट्ट असेल तर ती वेळेचा मार्ग काढते. ट्रान्सला तो काढता येत नसेल तर दोष फक्त नियमाला देऊ नका.

आणि भैरवचं नातं फार ताणू नका. दोन स्वर सारखे आले म्हणून राग होत नाही, त्याला चलन, म्हणजे सुरांची ठरलेली चाल असते, आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा रिषभ असतो. ट्रान्सच्या पार्ट्यांत तर पडद्यांवर ओम आणि शंकर छापून खाली काहीही चालायचं, ते बघून मला कधी आपलं काही वाटलं नाही.

साधा_प्रश्न

सगळे सूर आणि नॉबबद्दल बोलताय. ड्रग्जचं काय? तेच नव्हतं का मुख्य?

उत्तररात्र

होतं. एलएसडी पहिल्यापासून होतं, हे म्युझिक त्याच्याच आसपास वाढलं, ते लपवून इतिहास सांगता येणार नाही. माणसं बरबाद झालेली आहेत त्यात. पण शुद्धीत राहून नाचणारेही भरपूर होते आणि आहेत.

पिंपरीचा_पोऱ्या

यात एक जोडतो. २००७ ला सिंहगडाजवळ डोणज्यात पोलिसांची धाड पडली, अडीचशेच्या वर पोरं पकडली, तेव्हापासून आपल्या पेपरांत रेव्ह म्हटलं की एकच अर्थ. माझ्या आईला मी काय बनवतो ते अजून नीट सांगता आलेलं नाही. आणि धाकामुळे पार्ट्या संपल्या का, तर नाही, त्या आणखी आडबाजूच्या फार्महाऊसवर गेल्या जिथे पाण्याची सोय नाही आणि कोणी कोसळला तर ॲम्ब्युलन्स बोलवायला लोक घाबरतात. लायसन घेऊन, तिकीट लावून होणाऱ्या फेस्टिव्हलात निदान डॉक्टर असतो. मेनस्ट्रीमचा हा फायदा कोणीच मोजत नाही.

दूरदेशी

पोर्तुगालहून लिहितोय. इथे १९९७ पासून बूम फेस्टिव्हल आहे, साधारण दोन वर्षांतून एकदा, आता इदान्या-अ-नोव्हाच्या मोठ्या जलाशयाच्या काठी. हजारो लोक, जगभरातून. एवढी गर्दी असूनही तिथे कलाकाराला लांब सेट मिळतो, रात्रीचं म्युझिक रात्री आणि सकाळचं सकाळी. म्हणजे मोठं झालं की मेलंच असं नाही, वेळ सांभाळली की टिकतं. उत्तररात्र यांच्या मुद्द्याला हा पुरावा म्हणा, फक्त त्यांच्यासारखा निराश मी नाही.

बार्देसकर

दूरदेशी, तिथे चारी बाजूला उघडा माळ आहे. इथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत, देऊळ आहे, चर्च आहे, दवाखाना आहे. पोर्तुगालचा पुरावा आमच्या बार्देस तालुक्यात चालत नाही.

आता मी एक सुचवतो आणि मनापासून सुचवतो. नियम रात्री दहा ते सकाळी सहा आहे ना? मग सहाला सुरू करा. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या आसपास वर येतो, म्हणजे थोडा वेळ अंधारही मिळतो तुम्हाला. परवानगी पंचायतीत येऊन रीतसर मागा, आवाज किती ते ठरवून घ्या, दुपारी बाराला बंद. आणि खाण्यापिण्याचं कंत्राट कोणाला न देता वाड्यावरच्या बायकांना बसू द्या. एवढं केलंत तर मी स्वतः पंचायतीत तुमच्या बाजूने उभा राहीन.

उत्तररात्र

बार्देसकर, चटयांची अट आत्ता मान्य. पण सहाला येणारा माणूस झोप काढून, आंघोळ करून येणार. मध्यरात्रीचं ते काळोखं म्युझिक त्याच्यासाठी वाजवायचं कोणी आणि कधी? ते सोडून थेट सकाळ वाजवली तर ती गोड लागेल, पण ती वेगळी गोष्ट होईल, आणि मी तिला तेच नाव देणार नाही.

षड्ज_पंचम

नाव नका देऊ. ललत गायला आदल्या रात्री जागावं लागत नाही, पहाटेच्या रियाझाला बसावं लागतं.

तीनशेतीन

सहा तासांचा एकच सेट एकाच माणसाला देणार असाल तर माझा पाठिंबा. तासातासाला माणूस बदलणार असाल तर सहाला करा नाहीतर मध्यरात्री, मला फरक पडत नाही.

पिंपरीचा_पोऱ्या

मी येतो सहाला. रात्रीच्या शिफ्टवरून सुटून थेट गाडी पकडून आलेले आम्ही चार-पाच जण तरी असू, आम्हाला कोणी "झोप काढून आलेले" म्हणू नका. उत्तररात्र दादा, ट्रॅक मागितलात तो रविवारी टाकतो, नऊ मिनिटांचा आहे, मध्ये न ढकलता ऐका आणि मग बोला.