कॅरम म्हणजे नेमकं काय?

मस्कतहून:
मंडळी, एका इंग्रजी गोष्टीचं मराठी करतोय. त्यात गोळी, गाडी, बॉल, जे ते कशाला तरी लागून 'कॅरम' (इंग्रजी क्रियापद) होऊन जातंय. 'आपटून उडाली' लिहिलं तर घरात हसतात. काका, तुम्ही सुचवा.

फोंड्याहून:
अरे, आपटणं नव्हे ते. टप्पा जमिनीवर पडतो, उसळी वर जाते. इथे धक्का तिरका लागतो आणि वस्तू दिशा बदलून पुढे जाते. गोळी असेल तर 'भिंतीला चाटून गेली', गाडी असेल तर 'कठड्याला घासून पलीकडे गेली'. एकच शब्द सगळीकडे चिकटवू नकोस.

आपल्या कॅरम बोर्डावरचा रिबाउंडही वेगळा. त्यात स्ट्रायकर समोरच्या पट्टीला लागून परत येतो आणि मग सोंगटी घेतो. बिलियर्ड्सचा कॅरम म्हणजे आपला चेंडू एका चेंडूला लागून तिथूनच दुसऱ्याला लागणं.

आता गंमत. कॅरम हा फ्रेंच 'कारांबोल'चा तुकडा. कारांबोल म्हणजे त्या टेबलावरचा लाल चेंडू. त्याच्या मागे स्पॅनिश-पोर्तुगीज 'कारांबोला', म्हणजे आपलं पाच धारांचं आंबट फळ. हे नाव पोर्तुगिजांनी मराठी 'करंबळ'वरून घेतलं, असं कोशांत आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, त्यात कारांबोला आहे. म्हणजे तू आपल्याच परसातला शब्द इंग्रजीतून परत आणायला निघालायस!

म्हापशाहून:
काका, पोर्तुगिजांपर्यंत मान्य. फळावरून चेंडूला नाव पडलं, इथे मात्र कोशसुद्धा 'बहुधा' म्हणतात. करंबळ पिकलं की पिवळं होतं, चेंडू लाल. कुणी तरी जरा ओढूनताणून जुळवलेलं वाटतं मला. आणि कृपा करून करमळ नि करंबळ एक करू नका (मागे एकदा इथेच झालं होतं). करमळ रानातलं झाड, वेगळ्याच कुळातलं.

स्पॅनिशमध्ये 'पोर कारांबोला' म्हणजे ध्यानीमनी नसताना जमून जाणं. नेम एका सोंगटीवर आणि भोकात गेली दुसरीच, तसं. भाच्या, तुझ्या गोष्टीत कुणाचं काम असं फुकटात झालंय का? तिथे 'चाटून' चालणार नाही, बघ हं.

मस्कतहून:
झालंय ना ताई! शेवटच्या प्रकरणात नायकाला नोकरी तशीच लागते. मी तिथे 'धडकून' लिहून बसलो होतो. खोडतो.