मदत हवी आहे: एलएलसी डेलावेरची, धंदा न्यू जर्सीत, आता पेनसिल्वेनियाही. वार्षिक रिपोर्ट नक्की कुठे कुठे भरायचे?

येवला_ते_एडिसन (धागाकर्ती) | मे २०२५

नमस्कार मंडळी,

मी आणि माझी मैत्रीण मिळून येवल्याच्या पैठण्या आणि कोल्हापूरकडच्या तुशी, नथी, साज मागवून इथे विकतो. मंडळांचे कार्यक्रम, गणपती-दिवाळीचे मेळे आणि एक छोटी वेबसाइट एवढाच पसारा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये एका ऑनलाइन सेवेमार्फत डेलावेरमध्ये एलएलसी (मालकांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी) काढली. तेव्हा विचारलं त्या प्रत्येकाने डेलावेरच सुचवलं होतं. आम्ही राहतो एडिसनला, सगळा माल माझ्या बेसमेंटमध्ये, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच एलएलसीची न्यू जर्सीत परराज्यातली कंपनी म्हणून नोंदणीही केली. कर भरणारा माणूस वेगळा आहे आणि तो काम चोख करतो. पण राज्याचे वार्षिक रिपोर्ट त्याच्या कामात बसत नाहीत, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आता अडचण अशी.

ज्या सेवेने कंपनी काढून दिली तिचं बिल आलंय. त्यात 'डेलावेर वार्षिक रिपोर्ट फायलिंग' अशी एक ओळ आहे, 'डेलावेर राज्य कर' अशी दुसरी, 'अनुपालन पॅकेज' अशी तिसरी. फोन केला तर तिकडची व्यक्ती एवढंच म्हणते की हे भरलं नाही तर कंपनी बंद पडेल. मला हे तीन वेगळे खर्च का आहेत ते कोणी नीट सांगत नाही.

त्यातच परवा टपालाने एक पाकीट आलं. खिडकीचं पाकीट, आत फिकट हिरवा कागद, वर गरुडाचा शिक्का, आमच्या एलएलसीचं नाव आणि नोंदणीची तारीख अगदी बरोबर छापलेली. 'वार्षिक रिपोर्ट सूचना फॉर्म' असं शीर्षक, खाली रक्कम दोनशेच्या वर, आणि लाल अक्षरात शेवटची तारीख. हे राज्याकडून आहे का? नोंदणीची तारीख त्यांना कशी कळली?

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी बदलली, ते लोक जुलैत पेनसिल्वेनियात एक्स्टनला राहायला जाणार. दागिन्यांचा सगळा साठा ती सांभाळते, तो तिच्याबरोबर जाईल आणि त्या ऑर्डरी तिथूनच पाठवल्या जातील. मग तिथेही नोंदणी लागेल का? आणि तिथला रिपोर्ट?

शिवाय मालकांची माहिती केंद्र सरकारला कळवायचा जो बीओआय नावाचा प्रकार होता, तो आता आहे की गेला?

हे सगळं इतक्या तपशिलात विचारतेय कारण येवल्यातल्या एका विणकर कुटुंबाला आम्ही मागावर साडी चढायच्या आधी अर्धी रक्कम देतो. भारी पैठणीला महिनोन्महिने लागतात. राज्याच्या नोंदीत कंपनीचं स्टँडिंग (नोंद चालू असण्याचा दर्जा) गेलं आणि बँकेने खातं अडवलं, तर तिकडे माग थांबेल. हे होऊ द्यायचं नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. आगाऊ धन्यवाद.

---

सह्याद्री_न्यूअर्क

ताई, मी न्यू जर्सीत छोट्या धंद्यांची हिशेबाची पुस्तकं सांभाळतो, एका सीपीएच्या (अमेरिकेतल्या सनदी लेखापालाच्या) हाताखाली. दर वसंतात हे प्रश्न येतातच, आणि तुमच्यासारखी पाकिटंही.

आधी बिल. डेलावेरमध्ये एलएलसीला वार्षिक रिपोर्ट नसतोच. रिपोर्ट असतो कॉर्पोरेशनला: १ मार्चपर्यंत, ५० डॉलर रिपोर्टची फी आणि वर फ्रँचाइज टॅक्स (राज्यात कंपनी ठेवल्याबद्दलचा कर). एलएलसीला फक्त वर्षाचा ठरावीक ३०० डॉलर कर, १ जूनपर्यंत. उत्पन्न शून्य असो की लाखभर, रक्कम तीच. चुकला तर २०० डॉलर दंड आणि वर दरमहा दीड टक्का व्याज. सलग तीन वर्षं भरलाच नाही तर राज्य एलएलसीची नोंद रद्द करतं. म्हणजे 'राज्य कर' ही ओळ खरी आहे, 'वार्षिक रिपोर्ट फायलिंग' ही ओळ कशाची आहे ते त्यांना लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत थांबू नका, १ जून जवळ आलाय. डेलावेरच्या डिव्हिजन ऑफ कॉर्पोरेशन्सच्या साइटवर सात आकडी फाइल नंबर टाकला की थेट भरता येतो. नंबर तुमच्या फॉर्मेशनच्या कागदावर आहे. पावती पीडीएफ करून ठेवा.

त्यांच्याकडची एकच गोष्ट तुम्हाला खरोखर लागते, ती म्हणजे डेलावेरमधला रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने सरकारी आणि कोर्टाचे कागद घेणारा). तो त्या राज्यात पत्ता असणाराच हवा. कराची सूचनाही राज्य एजंटकडेच पाठवतं. पण तो एजंट याच सेवेचा असला पाहिजे असं काही नाही. वर्षाला शंभर डॉलरच्या आत एजंट मिळतात.

आता न्यू जर्सी. इथे मात्र एलएलसीला वार्षिक रिपोर्ट आहे, फी ७५ डॉलर, आणि तो ऑनलाइनच भरायचा. मुदत सगळ्यांची एक नाही. ज्या महिन्यात नोंदणी झाली त्या महिन्याचा शेवटचा दिवस. परराज्यातल्या कंपनीसाठी न्यू जर्सीतल्या नोंदणीचा महिना धरतात, म्हणजे तुमचा ३१ ऑक्टोबर, ऑगस्ट नव्हे. दहा आकडी बिझनेस आयडी आणि नोंदणीची तारीख टाकली की फॉर्म उघडतो. त्यात धंद्याचा पत्ता, रजिस्टर्ड एजंट आणि सभासदांची नावं-पत्ते तपासायचे, पैसे भरायचे, झालं. चहा थंड व्हायच्या आत होतं. सलग दोन वर्षं राहिला तर राज्य नोंदणी रद्द करू शकतं, आणि मग परत मिळवताना मागचे रिपोर्ट, कराचं क्लिअरन्स (कर थकलेला नाही असा दाखला), सगळं आलं. इथे एजंट तुम्ही स्वतः होऊ शकता, घरचा पत्ता चालतो, पीओ बॉक्स नाही.

हे रिपोर्ट म्हणजे कराचं रिटर्न नव्हे, ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. तुमचा करवाला भागीदारीचं रिटर्न भरतो ते निराळ्या खात्याकडे जातं. दोन्ही भरलं तरच दोन्ही भरलं. जाता जाता: न्यू जर्सीच्या भागीदारी रिटर्नवर दर सभासदामागे १५० डॉलर फी आहे, पण ती दोनपेक्षा जास्त सभासद असतील तरच. उद्या तिसरी मैत्रीण घ्यायची ठरली तर हे आठवा.

हिरव्या कागदावर एक पैसाही भरू नका. कागदाच्या तळाशी किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'ही सरकारी संस्था नाही' असं असेल, शोधून बघा. कंपन्यांची नावं आणि नोंदणीच्या तारखा राज्यांच्या साइटवर कोणालाही बघता येतात. ही मंडळी तिथून याद्या काढतात आणि तारीख जवळ आली की पाकिटं सोडतात. राज्यं स्वतःच्या साइटवर याबद्दल इशारे देतात. पाकिटावरचा पत्ता, त्यातला फोन, क्यूआर कोड काहीही वापरू नका. राज्याची साइट स्वतः टाइप करून उघडा. पत्त्याच्या शेवटी डॉट जीओव्ही आहे ना ते बघा (फ्लोरिडाची सनबिझ डॉट ऑर्ग आहे, तो अपवाद).

पेनसिल्वेनियाचं संध्याकाळी लिहितो, तिथले नियम २०२५ मध्ये बदललेत.

---

सांगलीकर_बे_एरिया

वरच्या प्रतिसादाला +१. कॅलिफोर्नियातून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो, कारण 'डेलावेरची काढा, कर वाचेल' हा सल्ला इथे फार महागात पडतो.

एलएलसी कुठलीही असो, तुम्ही सनीव्हेलच्या घरात बसून ती चालवत असाल तर कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने धंदा इथेच आहे. वर्षाला किमान ८०० डॉलर फ्रँचाइज टॅक्स बोर्डाला. त्याशिवाय सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे स्टेटमेंट ऑफ इन्फॉर्मेशन, दर दोन वर्षांनी, २० डॉलर. पहिलं तर नोंदणीपासून ९० दिवसांत. २० डॉलरचा हा कागद राहिला तर दंड २५० डॉलर आहे. माझ्या ओळखीच्या एका स्वयंपाकाच्या क्लासवाल्या काकूंना तो बसला, कारण जुन्या पत्त्यावर आठवणीचं पत्र गेलं होतं. पत्ता बदलला की आधी राज्याला कळवा, मग नातेवाइकांना.

आणि डेलावेरचे ३०० यात कुठेच वजा होत नाहीत. ते वेगळे.

---

फ्रिस्कोकर

टेक्सासमध्ये २०२४ पासून छोट्यांना 'नो टॅक्स ड्यू' रिपोर्ट भरावा लागत नाही. २०२४ आणि २०२५ साठी उत्पन्नाची मर्यादा २४ लाख ७० हजार डॉलर होती. पण पब्लिक इन्फॉर्मेशन रिपोर्ट अजूनही भरायचा आहे, १५ मेपर्यंत, कंट्रोलरच्या (राज्याच्या कर अधिकाऱ्याच्या) वेबफाइलवर. 'कर नाही म्हणजे काहीच नाही' असं समजून आमच्या भागातले बरेच लोक तो सोडून देतात, आणि त्यापायी धंदा करण्याचा हक्क जप्त होऊ शकतो.

---

येवला_ते_एडिसन (धागाकर्ती)

सह्याद्री, खूप खूप आभार. कागद परत काढून पाहिला. मागच्या बाजूला, अगदी करड्या अक्षरात, ते वाक्य आहे. चष्मा लावूनही मोबाइलवर फोटो मोठा करून वाचावा लागला. किती वयस्कर दुकानदार हे भरत असतील या विचाराने जीव तुटला.

डेलावेरचा कर आत्ताच भरला, पावती ठेवली. सेवेला रिपोर्टच्या ओळीबद्दल लेखी विचारलंय.

पेनसिल्वेनियाची वाट बघते. आणि एक विचारू का, हे डेलावेर ठेवण्यात आम्हाला काही फायदा आहे का?

---

कर्वेनगर

धागा थोडा भरकटवतो, क्षमस्व. मी पुण्यात असतो, अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी सॉफ्टवेअरची कामं करतो. माझ्या एकट्याच्या नावावर डेलावेरची एलएलसी आहे. अमेरिकेत ऑफिस नाही, माणूस नाही. मला ३०० डॉलर सोडून काही लागतं का?

---

सह्याद्री_न्यूअर्क

आधी ताईंचं.

पेनसिल्वेनियात पूर्वी दर वर्षी रिपोर्ट नव्हता, दहा वर्षांतून एकदा एक कागद असायचा. २०२२ च्या कायद्याने ते बंद झालं आणि २०२५ पासून वार्षिक रिपोर्ट सुरू झाला. फी अवघी ७ डॉलर. कॉर्पोरेशनची मुदत ३० जून, एलएलसीची ३० सप्टेंबर, बाकीच्यांची ३१ डिसेंबर. परराज्यातल्या पण तिथे नोंदलेल्या एलएलसीलाही हीच ३० सप्टेंबर. नोंदणी ज्या वर्षी होते त्याच्या पुढच्या वर्षापासून रिपोर्ट लागतो. म्हणजे जुलैत नोंदलंत तर तुमचा पहिला रिपोर्ट सप्टेंबर २०२६ चा.

सात डॉलर म्हणून हलक्यात घेऊ नका. २०२७ च्या रिपोर्टपासून चुकवणाऱ्यांवर कारवाई सुरू होणार, मुदतीनंतर सहा महिन्यांनी. तिथल्या स्थानिक कंपनीला मागचं भरून पुन्हा जिवंत होता येतं. परराज्यातल्या कंपनीला ती सोय नाही. नोंदणी गेली की नव्याने नोंदवायची, आणि मधल्या काळात तुमचं नाव दुसऱ्या कोणी घेतलं तर नाव बदलून. तुम्ही त्या दुसऱ्या गटात येणार.

नोंदणी लागेल का? मैत्रीण नुसती तिथे राहते म्हणून आपोआप लागत नाही. पण साठा तिथे, पॅकिंग तिथे, पार्सलं रोज तिथून निघणार, म्हणजे धंदा तिथे चालतो असं धरूनच चाला. फी २५० डॉलर, एकदाच. नोंदणी न करता धंदा केला तर त्या राज्याच्या कोर्टात दावा लावता येत नाही. उद्या एखाद्या घाऊक गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर हात बांधलेले. तुमच्या सीपीएकडून एकदा खातरजमा करून घ्या, पण जुलैच्या आधी.

सेल्स टॅक्सचं खातंही तिथे निघेल, साठा असला की ते येतंच. न्यू जर्सीत कपड्यांना सूट आहे, म्हणून साडीवर कर नाही, तुशी-नथीवर मात्र ६.६२५ टक्के. पेनसिल्वेनियातही दागिन्यांना कर लागतो. तिथे साध्या कपड्यांना सूट आहे पण समारंभी पोशाखाला नाही. भारी पैठणी कशात धरतात हे त्यांच्या महसूल खात्याकडून लेखी घ्या, तोंडी नको.

बीओआय: फिनसेनने (केंद्राच्या अर्थखात्यातल्या यंत्रणेने) मार्च २०२५ मध्ये नियम बदलला. अमेरिकेत काढलेल्या कंपन्यांना आता ते भरायचं नाही. तुम्हाला काही करायचं नाही. कोणी 'बीओआयची शेवटची तारीख' म्हणून पैसे मागितले तर तेही त्या हिरव्या कागदाच्याच जातीचं. मात्र भारतात काढलेली कंपनी इथल्या एखाद्या राज्यात नोंदवली असेल, तर तिला अजून लागतं.

डेलावेर ठेवावं का? गुंतवणूकदार आणायचे नसतील, तर दोन मैत्रिणींच्या साडीच्या धंद्याला त्याचा मला तरी उपयोग दिसत नाही. दर वर्षी ३०० आणि एजंट, वर न्यू जर्सीचे ७५ आहेतच. कंपनी न्यू जर्सीचीच असती तर ७५ वर भागलं असतं. पण बदलताना बँक खातं, ईआयएन (कंपनीचा केंद्रीय कर क्रमांक), आयातीचे कागद या सगळ्याचं काय होतं ते वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय हलू नका. दिवाळीच्या ऑर्डरी संपल्यावर, जानेवारीत विचार करा. बंद करायच्या आधीही डेलावेरचा त्या वर्षाचा कर भरावा लागतो, तो धरून ठेवा.

कर्वेनगर, तुमचं वेगळं आणि जास्त गंभीर आहे. परदेशी व्यक्तीच्या एकट्याच्या मालकीची एलएलसी असेल तर आयआरएसला (केंद्राच्या कर खात्याला) फॉर्म ५४७२, आणि त्याच्यावर नावापुरता फॉर्म ११२०, दर वर्षी पाठवावा लागतो. मुदत १५ एप्रिल. तुम्ही कंपनीत घातलेले आणि काढलेले पैसेही त्यात दाखवायचे. न भरल्याचा दंड २५,००० डॉलर आहे. हा कागद राज्याच्या यादीत कुठेच दिसत नाही, म्हणून कंपनी काढून देणारे बऱ्याचदा सांगत नाहीत. भरला नसेल तर आजच या विषयातल्या सीपीएला गाठा, स्वतः पत्र लिहायच्या भानगडीत पडू नका.

---

कर्वेनगर

बापरे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. आजच शोधतो.

---

येवला_ते_एडिसन (धागाकर्ती)

सगळं एका वहीत उतरवून घेतलं आणि मैत्रिणीलाही पाठवलं: १ जून डेलावेर, ३० सप्टेंबर पेनसिल्वेनिया (२०२६ पासून), ३१ ऑक्टोबर न्यू जर्सी. तिघांची आठवण दोघींच्या फोनवर महिनाभर आधीची लावली.

एकच शेवटचं. पेनसिल्वेनियाच्या नोंदणीत रजिस्टर्ड ऑफिसचा पत्ता मागतात. मैत्रीण आधी भाड्याच्या घरात राहणार, वर्षभराने बदलेल. तिचाच पत्ता द्यावा की पैसे देऊन कोणाचा घ्यावा?

---

सह्याद्री_न्यूअर्क

तिचा चालतो, खरा रस्त्याचा पत्ता असला की झालं. पण तो सार्वजनिक नोंदीत दिसतो, आणि घर बदललं की बदलाचा अर्ज करावा लागतो. वर्षभरात घर बदलणार हे आत्ताच माहीत असेल तर तिथल्या व्यावसायिक रजिस्टर्ड ऑफिस सेवेचा पत्ता घ्या. स्वतःचं घर झालं की मग तिचा लावा.