मराठवाड्याचं फुलपाखरू कोणतं? माझं मत रुईवरच्या प्लेन टायगरला

बालाघाटकर:
२०१५ साली महाराष्ट्राने नीलवंत, म्हणजे ब्लू मॉर्मन, राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. देशात असं करणारं आपलं पहिलं राज्य, याचा मलाही अभिमान आहे. पण मराठवाड्याचं फुलपाखरू विचाराल तर मी प्लेन टायगरचंच नाव घेईन. केशरी पंख, कडेला काळी पट्टी, तिच्यात पांढरे ठिपके. मे महिन्यात बीडच्या माळावर गवताची काडी उरत नाही, रुई मात्र हिरवीगार. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतो, त्याच पानांवर याची अळी वाढते. रुईचा चीक विषारी, जनावर तोंड लावत नाही. ही अळी ते विष पचवून अंगात साठवते. पक्ष्याने एकदा तोंडात धरून टाकलं की पुन्हा तो या रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून तर हे इतकं सावकाश उडतं. दुष्काळात तगणारा आपला माणूस मला यात दिसतो.

किनवटची लेक:
दादा, राग मानू नका, पण मराठवाडा म्हटलं की दुष्काळच का? आमच्याकडे सागाचं जंगल आहे, पैनगंगा आहे. मागच्या श्रावणात नीलवंत आमच्या परसातल्या लिंबाच्या झाडाभोवती घिरट्या घालत होतं. लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच ते अंडी घालतं. तळहाताएवढं फुलपाखरू, काळ्या मखमलीवर आभाळाचा तुकडा ठेवल्यागत. माय भाकर तव्यावर सोडून बाहेर आली. माझं मत नीलवंतालाच.

मोसंबीवाला, जालना:
तुम्हाला पंख दिसतात, आम्हाला अळ्या. लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू या नीलवंताचंच भाऊबंद. त्याची अळी लहान असताना पाखराच्या शिटेसारखी दिसते, म्हणून ध्यानात येत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी. नव्या कलमावर आठ-दहा बसल्या तर कोवळी पालवी गेलीच म्हणून समजा. डाळिंबवाल्याला सुरसा विचारा: तेही फुलपाखरूच, त्याची अळी फळ पोखरून आत शिरते आणि माल सडतो.
माझं आवडतं हळदीकुंकू. पंख मिटले की पिवळ्यावर लाल ठिपके, नाव किती नेमकं! त्याची अळी बांडगूळ खाते. आंब्याच्या जिवावर उठलेलं बांडगूळ जे खातं, ते आपलं.

किनवटची लेक:
काका, चार अळ्यांनी बांडगूळ काही संपत नाही, तोडावंच लागतं. आणि दोन-चार कलमं असतील तर अळ्या हाताने वेचता येतात. आम्ही वेचून कढीपत्त्यावर सोडतो, तोही त्याच कुळातला. डिवचलं की डोक्यामागून नारंगी शिंगं बाहेर काढतात, उग्र वास येतो. लेकरं त्यासाठीच वेचायला येतात.

मोसंबीवाला, जालना:
ताई, परसातल्या झाडाचं ठीक आहे. बागेत शेकड्यांनी कलमं असतात, वेचायला माणूस कुठून आणू? मजुरी कुणी द्यायची?

बालाघाटकर:
काका, यावर माझ्याकडे उत्तर नाही. ताई, दुष्काळाचं तुमचं म्हणणं पटलं. विष पचवणं म्हणजेच आपण, असं लिहायला नको होतं. पण मत बदलत नाही, कारण बदलतो. डॅनेड एगफ्लाय नावाचं दुसरंच फुलपाखरू आहे, त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही, नुसत्या सोंगावर ती पक्ष्यांपासून वाचते. तिची अळी घोळ खाते, तीच आपली भाजीची घोळ. नर मात्र काळा, पंखांवर पांढरे टिळे आणि त्यांना जांभळी झाक. नर-मादी एकाच जातीचे आहेत हे मला कितीतरी वर्षं खरं वाटलं नव्हतं! एवढं सगळं एका रुईच्या आणि एका घोळीच्या भोवती, गावाबाहेर न जाता बघायला मिळतं. नीलवंत कधी येईल याची वाट बघावी लागते, हे तर कुठल्याही महिन्यात भेटतं.

मोसंबीवाला, जालना:
बांधावर रुई आहे माझ्या. उद्या पानं उलटून बघतो. मत हळदीकुंकवालाच.