डिलिव्हरीनंतर आरशात बघवत नाही, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, 26 आठवड्यांची मॅटर्निटी लीव्ह संपत आलीय आणि ऑफिसच्या विचारानेच पोटात गोळा येतोय. सिझर झालंय, पोट सुटलेलंच आहे, जुने कुर्ते दंडात अडकतात, त्यात केस मूठमूठ गळतायत. डॉक्टर म्हणाल्या इस्ट्रोजेन कमी झालं की तीनेक महिन्यांनी असं होतंच, बाळ वर्षाचं होईपर्यंत बहुतेक परत येतात, ते पटतं पण मन मानत नाही. बारशाचे फोटोसुद्धा बघितले नाहीयेत अजून. घरी येणारी प्रत्येक बाई आधी माझ्या पोटावर बोलते, फार लागतं ते. अंगावर पाजतेय म्हणून कडक डाएट नकोय. तुम्ही कामावर परत जाताना कसं निभावलंत? आणि रोजच रडू येत असेल तर आधी गायनॅकला सांगू की थेट काउन्सेलरकडे जाऊ?