सुपरहिरोंचं वेड : ताकदीचं की मुखवट्याचं?

धागाकर्ता
पोरांना सुपरहिरो का आवडतात असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : मारामारी, उडणं, ताकद. मला ते अर्धवट वाटतं. ताकद १९३८ सालच्या सुपरमॅनकडेही होती, पण तो पडला नोकरीवाला मोठा माणूस. वयात येणाऱ्या पोरांच्या वाट्याला तेव्हा फार तर बॅटमनच्या मागे धावणारा रॉबिन. १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला आणि शाळेत जाणारं एकलकोंडं, चष्मिस पोरगं थेट नायक झालं. अंगात कोळ्याची शक्ती आली, तरी घरभाड्याची चिंता आणि वर्गातली टिंगल काही सुटली नाही.

माझ्या मते खरी ओढ मुखवट्याची आहे. 'तुम्ही मला अजून ओळखलेलंच नाही' हे चौदाव्या-पंधराव्या वर्षी कोणाच्या मनात नसतं? 'स्पायडरमॅन : होमकमिंग' (२०१७) आठवा. ढिगाऱ्याखाली अडकलेला पोरगा आधी रडतो, हाका मारतो. कुणी येत नाही. मग समोर साचलेल्या पाण्यात पडलेला मुखवटा आणि स्वतःचं प्रतिबिंब त्याला एकात एक मिसळलेलं दिसतं, आणि तो जोर लावतो. एरवी चारचौघांत माझ्या शेजारी बसायला लाजणाऱ्या भाचीने त्या वेळी माझं मनगट गच्च धरलं होतं.

तिकीटखिडकी
सहमत नाही. मुखवट्याचीच ओढ असती तर एका सिनेमात भागलं असतं, मार्व्हल कंपनीला एकमेकांत गुंतलेले बावीस सिनेमे कशाला लागले? २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून मोजा, २०१९ चा 'एंडगेम' बाविसावा. जवळपास प्रत्येक सिनेमाच्या शेवटी नावं संपेपर्यंत बसवून ठेवायचं आणि मग पुढच्या भागाचं गाजर दाखवायचं. 'इन्फिनिटी वॉर'मध्ये तर अर्ध्या नायकांची राख करून प्रेक्षकांना वर्षभर टांगून ठेवलं. डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून मार्व्हल घेतली. एकट्या 'एंडगेम'ने जगभरात जवळपास २८० कोटी डॉलरचा गल्ला जमवला. पोरांना आवडतं म्हणून हे बनवत नाहीत, सुटू नये असं बनवतात. आणि वर्गात सगळे त्यावरच बोलत असताना न पाहिलेल्याने काय करायचं?

धागाकर्ता
मग 'द मार्व्हल्स' (२०२३) का आपटला? कंपनी तीच, गाजरंही तीच.

तिकीटखिडकी
कारण तोवर गृहपाठ झाला होता त्याचा. तीन नायिकांपैकी दोघींची ओळख आधी घरबसल्या पाहायच्या मालिकांमध्ये. गाजर दाखवायचं असतं हो, त्याचा भारा डोक्यावर द्यायचा नसतो. (हलकेच घ्या.)

चौथा बाक
धागाकर्त्यांच्या बाजूने एक भर. २०१७ मध्ये चार आणि सहा वर्षांच्या मुलांवरचा एक अभ्यास छापून आला होता. मुलांना मुद्दाम कंटाळवाणं काम दिलं, शेजारी टॅबलेटवर खेळ ठेवला. काहींना स्वतःविषयी नेहमीसारखा विचार करायला सांगितलं, काहींना बॅटमनसारख्या पात्राचं सोंग घ्यायला लावून 'बॅटमन नीट काम करतोय का?' असं स्वतःला विचारायला सांगितलं. सर्वांत जास्त वेळ चिकाटीने बसली ती सोंगवाली. म्हणजे सोंग ही नुसती पळवाट नव्हे, त्याने पोरं टिकून राहतात.

'एक्स-मेन', म्हणजे जन्मजात वेगळेपण घेऊन आलेल्या नायकांची टोळी, तर उघडच वयात येण्याची गोष्ट आहे. त्यातल्या बहुतेकांची शक्ती जागी होते ती नेमकी त्याच वयात. अंगात काहीतरी बदलतंय आणि ते घरी सांगायची चोरी.

फटकळ
'कोणाच्या मनात नसतं' म्हणे! त्या बावीस सिनेमांत एकट्या नायिकेच्या नावावरचा पहिला कितवा? एकविसावा, 'कॅप्टन मार्व्हल', २०१९. अकरा वर्षं मुलींनी मुलांचाच मुखवटा उसना घेतला. तुमच्या भाचीनेही तेच केलं, फक्त तुमच्या मनगटाला ते कळलं नाही.

धागाकर्ता
हा फटका मान्य. तिला विचारतो.

तिकीटखिडकी
अवांतर, पण तुमच्या मुद्द्याला सुरुंग लावणारं. तो ढिगाऱ्याचा प्रसंग मुळात १९६६ च्या कॉमिकच्या अंकातला. तिथे तो अवजड यंत्राखाली अडकलाय, वरून पाणी गळतंय, आणि त्याला वाढवणाऱ्या मे काकूचं औषध समोर, हाताच्या जेमतेम बाहेर पडलंय. मुखवटा त्याच्या तोंडावरच आहे, पण त्याचा विचारही मनात नाही. काकूला औषध पोचवायचंय, एवढ्यावर तो ते धूड उचलतो.