रोम ४७६ मध्ये पडलं, मग बायझंटाईनवाले १४५३ पर्यंत कसे काय टिकले?

बायझंटाईन म्हणजे रोमन साम्राज्याचा पूर्वेकडचा भाग, राजधानी कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल); ४७६ ला पडला तो पश्चिमेकडचा भाग. शाळेत एवढंच शिकवलं की १४५३ ला तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, व्यापाराचा रस्ता अडला आणि युरोपवाले समुद्रमार्गे भारत शोधत निघाले, विषय संपला. पण त्याआधीची हजारेक वर्षं हे लोक टिकले कसे? जो तो तटबंदीचं नाव घेतो, खरंच तेवढंच होतं का?

बुरुजवाला: तटबंदी साधी नव्हती भाऊ. आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग १२ मीटर उंच आतली भिंत आणि तिच्यावर ९६ बुरूज, आणि ही फक्त जमिनीकडची बाजू, बाकी सगळीकडे पाणी. ७१७-१८ ला अरबांनी वेढा घातला तेव्हा यांनी नळीतून पेटतं द्रव्य फेकून त्यांची जहाजं जाळली, पाण्यावरसुद्धा जळायचं ते.

हिशेबनीस: सगळे भिंतीत अडकतात राव. भिंतीची डागडुजी, आरमाराचा पगार, पैसा कुठून येणार? करवसुलीची यंत्रणा पक्की होती, आणि सोन्याचं नाणं, साधारण साडेचार ग्रॅमचं, ४थ्या शतकापासून ११व्या शतकापर्यंत जवळपास तसंच शुद्ध राहिलं (आपल्या दक्षिण भारतातही सापडलीयेत ती). जमेल तिथं लढायचं, नाहीतर सरळ पैसे देऊन वाटेला लावायचं. हूणांचा राजा अटिला, त्याला तर एका टप्प्यावर वर्षाला २१०० पौंड सोनं कबूल केलं होतं! लोक याला भित्रेपणा म्हणतात, मला तरी हिशेब वाटतो.

बुरुजवाला: मान्य, पण सातव्या शतकात इजिप्त गेलं, म्हणजे धान्यही गेलं आणि महसूलही, तेव्हा भिंतीनंच तारलं ना?

हिशेबनीस: तारलं की. पण १२०४ ला काय झालं? गादी मिळवून द्या म्हणून एका राजपुत्रानं क्रुसेडवाल्यांना (धर्मयुद्धाला निघालेलं पश्चिम युरोपातलं सैन्य) २ लाख चांदीचे मार्क कबूल केले, तिजोरीत तेवढे नव्हतेच, मग त्याच ख्रिश्चन पाहुण्यांनी व्हेनिसच्या जहाजांवरून समुद्राकडची भिंत चढून शहर लुटलं आणि बळकावलं. हिप्पोड्रोमचे (रथशर्यतींच्या मैदानातले) ब्राँझचे घोडे व्हेनिसला गेले ते गेलेच. १२६१ ला शहर परत मिळालं, पण आरमाराला पैसा पुरेना आणि व्यापार इटालियनांच्या हातात.

(मूळ प्रश्नकर्ता) म्हणजे १४५३ ला तुर्कांचा सुलतान मेहमेदच्या तोफांनी पाडलं ते आधीच पोकळ झालेलं?

हिशेबनीस: बऱ्यापैकी. एवढ्या लांबलचक तटावर उभं राहायला परदेशी धरून ७ हजारांच्या आसपासच माणसं होती, त्यात मेहमेदनं जहाजं जमिनीवरून ओढत नेऊन शहरालगतच्या खाडीत उतरवली (तिच्या तोंडाला जहाजं अडवायला साखळी लावलेली होती), मग त्या बाजूलाही माणसं लावावी लागली, ती आणायची कुठून?