गंज काढायला कोणतं ॲसिड? एचसीएलच्या (हायड्रोक्लोरिक ॲसिड) वाफेने लेथ मशीन खराब होतंय

भोसरीकर: नमस्कार मंडळी. पावडर कोटिंगआधी एमएस (माइल्ड स्टील) ब्रॅकेटचा गंज आम्ही एचसीएलमध्ये काढतो. टाकी शेडच्याच कोपऱ्यात आहे. पावसाळ्यात लेथच्या बेडवर रात्रीत तांबूस थर धरतो, सकाळी बोट फिरवलं की लाल. सल्फ्युरिकवर जावं का? अधूनमधून स्प्रिंग क्लिपांचा लॉटही असतो.

जस्तवाला: दादा, सल्फ्युरिकची वाफ कमी, हे खरं. पण थंड असताना ते गंज नीट ओढत नाही, ६० अंशांच्या वर तापवावं लागतं. छोट्या शेडमध्ये गरम ॲसिड नकोच. एचसीएल थंडच चालतं, म्हणून तर गॅल्व्हनायझिंगवाले (लोखंडावर जस्त चढवणारे) बहुतेक तेच वापरतात. बाजारातलं ३० टक्क्यांच्या आसपासचं असतं. तसंच वापरत असाल तर धूर येणारच. १० ते १५ टक्क्यांवर आणा. आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड, कधीही उलट नाही. पिकलिंग (ॲसिडने गंज काढणं) इनहिबिटर घाला, म्हणजे गंज जातो पण खालचं लोखंड फार खाल्लं जात नाही. बुडबुडे कमी, त्यामुळे ॲसिडचा फवाराही कमी. आणि टाकी लेथपासून हलवाच, वेगळ्या छपराखाली, वाफ धुऊन काढणारा स्क्रबर लावून.

रंगारी: गंज हलका असेल तर फॉस्फोरिक बघा. महाग आहे, वेळही जास्त घेतं, पण वाफेचा त्रास जवळपास नाही आणि जॉबवर फॉस्फेटचा पातळ थर राहतो, रंग छान धरतो. मिल स्केलची (पोलाद गरम लाटताना धरलेली) काळी खपली असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका.

टूलरूम: स्प्रिंग क्लिप ॲसिडमध्ये घालू नका, कळकळीने सांगतो. आमचा एक लॉट पिकलिंग आणि झिंक प्लेटिंग करून चकचकीत आला. असेंब्ली झाली. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये नुसत्या पडलेल्या क्लिपा टक् टक् तुटत होत्या, हात न लावता. ॲसिडमधला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. आता आम्ही ॲसिडऐवजी शॉट ब्लास्ट (बारीक छऱ्यांचा मारा) करतो, आणि प्लेटिंगनंतर ४ तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भट्टीत काही तास बेक करून घेतो.

भोसरीकर: क्लिपा आजपासून बंद. वापरलेलं ॲसिड चुना टाकून गटारात सोडलं तर चालेल ना?

जस्तवाला: नाही हो! त्यात लोखंड विरघळलेलं असतं, चुना टाकला की हिरवट गाळ बसतो. तो गाळही घातक कचराच. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात नोंद करून रांजणगावच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्राला पाठवा.